नडगी जुळत नाहीये: कमरेचं हाड काढून लावायचं की बोन मॅरोतल्या पेशी?

रॉड टाकून नऊ महिने झाले, एक्सरेत भेग तशीच आणि डॉक्टर म्हणतायत आता ठरवा, अशी वेळ तुमच्यावर आली असेल तर हे वाचा. मी इथे इंदूरला दोन्हीतून गेलोय, आधी ग्राफ्ट (कमरेचं हाड काढून भेगेत लावणं), मग बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडातल्या मगजातल्या पेशी, म्हणून लिहितोय. बाकी तुमची केस तुमच्या डॉक्टरांनाच जास्त कळणार.

ग्राफ्टला उगाच पहिला मान नाहीये, त्यात जिवंत पेशी असतात, त्यांना धरायला जाळी असते, हाड वाढवणारी प्रोटीन्सही असतात आणि सगळं आपलंच. मधलं हाडच गेलं असेल, चांगली दोन-तीन सेंटीमीटरची गॅप असेल तर नुसत्या पेशी सोडून भागत नाही.

पण ती कंबर! माझी नडगी आठवड्यात शांत झाली, कंबर नाही झाली. पँटचा पट्टा नेमका टाक्यांवर यायचा, कूस बदलायची तर आधी श्वास रोखायचा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर झाला तो अजून तसाच आहे, तिथली नस दुखावते म्हणे कधी कधी. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) बघायला गेलो तर पाय उभा राहत होता, कमरेनं खाली बसवलं. आणि एवढं सोसून हाड जुळलं नाहीच.

दुसऱ्यांदा कमरेतूनच, पण मागून, सुईने मॅरो काढला, मशीनमध्ये फिरवून घट्ट केला आणि लगेच भेगेत सोडला. दुसऱ्या दिवशी घरी. चौथ्या महिन्यात एक्सरेत धूसर पांढरं, म्हणजे नवं हाड दिसलं, त्या दिवशी आई रडली.

एक मात्र आधी विचारा. मॅरोत हाड बनवू शकणाऱ्या मूळ पेशी दहा हजारांत एखादी, कधी लाखात एखादी. फ्रान्सचे डॉ. फिलिप एर्निगू यांनी 2005 साली छापलं की न जुळलेल्या 60 नडग्यांपैकी 53 जुळल्या, राहिलेल्या 7 जणांना मिळालेल्या पेशीच कमी होत्या. एका जागेवरून खूप ओढलं की नुसतं रक्त येतं, म्हणून सुई सरकवत थोडं थोडं घेतात का ते विचारा.

तिसरा पर्याय लॅबमध्ये वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्टचा, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशींचा, त्यात पेशी कमी पडायचा प्रश्न सुटतो, पण आधी सँपल, मग काही आठवडे वाट, मग परत टेबलावर, मला ते जमण्यासारखं नव्हतं.

गॅप लहान असेल, इन्फेक्शन नसेल, रॉड घट्ट असेल तर मी तरी आधी सुईच म्हणेन, तिने नाही झालं तर ग्राफ्ट कुठे पळून जात नाही.