स्पेसर की स्प्रिंग? टू-व्हील ड्राइव्ह पिकप उचलताना

राहणं भांडुपला, गाव लांज्याकडे. घराच्या शेवटच्या वळणावर जांभ्याचा एक दगड वर आलाय, तो माझ्या इसुझू डी-मॅक्स पिकपच्या नाकाखालची प्लेट दर खेपेला खरवडायचा. तेवढ्यासाठी गाडी दोनदा उचलली, म्हणजे सस्पेन्शनची उंची वाढवली. आधी स्पेसर, म्हणजे स्प्रिंग किंवा शॉकच्या वर बसणारे जाड तुकडे, टाकून, मग ते काढून नवे स्प्रिंग-शॉक बसवून.

आधी अपेक्षा आवरा. सस्पेन्शन उचललं की चॅसी वर जाते, मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, म्हणजे डिफ, आहे तिथेच राहतो. तो मोठ्या टायरनेच वर येतो. रिकामी पिकप चिखलात आधी जिथे चाकं फिरवत बसायची तिथे उचलल्यावरही बसणार. आणि दीड इंचाने हिंदमाताला पावसात तुंबणारं पाणी पार होत नाही. एक बरं, पुढच्या चाकांना ड्राइव्हच नसल्याने फोर बाय फोरवाल्यांची सीव्ही जॉइंटची, म्हणजे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांची, कटकट आपल्यामागे नाही.

स्पेसरचं आकर्षण मला कळतं. स्वस्त, दिवसभरात काम, स्प्रिंग कंपनीचेच. माझे स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारे होते. गाडी वर आली, पण शॉकची लांबी तेवढीच. म्हणजे उभ्या गाडीतच तो बराचसा उघडलेला. गतिरोधकावरून चाक खाली उतरलं की उरलीसुरली चाल संपायची आणि आतून ठक्! आमच्या गेटपासून एलबीएस मार्गापर्यंत पाच गतिरोधक, पाच ठक्. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, खाली काही सुटलंय का?" बुश बदलले, सगळे बोल्ट पुन्हा आवळले, गॅरेजवाल्याने दोनदा चक्कर मारून "एवढं चालतंच साहेब" म्हणून सांगितलं. चालत असेलही. मला गतिरोधक दिसला की आधीच दात आवळायची सवय लागली, आणि ती काही जाईना.

शॉकच्या वर बसणारा स्पेसर घेतला असता तर हा आवाज टळला असता, असं जाणकार म्हणतात. बरोबर असावं. पण मग चाक लोंबकळताना त्याला धरणारा वरचा आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट जास्त कोनात जातो. शिवाय शॉक खालच्या आर्मच्या मध्ये कुठेतरी बसतो, त्यामुळे एक इंचाचा तुकडा चाकापाशी दोन इंचांच्या आसपास होतो. कुर्ल्याहून लेथवर करून आणणारे इथेच फसतात.

नवे स्प्रिंग आणि त्याच मापाचे लांब शॉक घेतले तेव्हा खर्च स्पेसरच्या कितीतरी पट झाला, हे कबूल. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन ही ऑस्ट्रेलियन मंडळी वजनानुसार वेगवेगळे स्प्रिंग देतात. पुढे लोखंडी बंपर नसेल तर बंपरवाला कडक स्प्रिंग घेऊ नका, नाक टणाटण उडतं. किट टू-व्हीलला बसतं का, हे दुकानदाराकडून वदवून घ्या. मी फक्त 40 मिलिमीटर उचलली. पहिला पंधरवडा गाडी ताठ वाटली, मग बसली. अलाइनमेंट दोनदा करावी लागली, लगेच आणि स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर. ठक् मात्र पहिल्याच गतिरोधकाला गेला.

मागच्या चाकांच्या पाट्याच्या स्प्रिंगमध्ये मी एक जादा पाटा घातला, कारण येताना तांदूळ, नारळ, फणस असतातच. कायम रिकामी फिरवणार असाल तर ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये बसणारा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, बरा, पाट्याने मागचं अंग उडतं. पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, लांब घातली तर डिफचं तोंड फिरतं आणि गाडी जागची उठताना प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. अजून एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: बऱ्याच पिकपना मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागून उचलली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि तो ब्रेक कमी देतो. त्याची दांडी जुळवून घ्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेरफारांच्या बाजूचे नाहीत. आरटीओ आणि विमावाल्याला आधी विचारलेलं बरं. जितकं कमी उचलाल तितकं बरं, हेही त्यात आलंच.

प्रत्येकाचा रस्ता वेगळा, खिसाही वेगळा. पण आत्ता पैसे नसतील तर स्पेसर टाकण्यापेक्षा सहा महिने थांबा, असंच मी म्हणेन. स्पेसर काढल्यापासून किट येईपर्यंत त्या जांभ्याच्या दगडापाशी मी दोन फळ्या टाकून गाडी चढवत होतो. त्या अजून गावच्या पडवीत आहेत.