मर्यादा वाढवावी, अ‍ॅप्लिकेशनमध्ये पूल ठेवावा की पीजीबाउन्सर बसवावा? पोस्टग्रेसची कनेक्शन्स संपतात तेव्हाच्या तीन उपायांची तुलना

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ ही ओळ दिसू लागली की टीममध्ये हमखास तीन सल्ले पुढे येतात. एक जण म्हणतो की मॅक्स_कनेक्शन्सचा, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस एका वेळी किती कनेक्शन्स घेईल याचा, आकडा वाढवा, दुसरा म्हणतो की अ‍ॅप्लिकेशनमध्ये कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या उघड्या कनेक्शन्सचा साठा, लावा, आणि तिसरा म्हणतो की अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये पीजीबाउन्सर हा मध्यस्थ प्रोग्राम बसवा. तिन्ही सल्ले योग्य ठरू शकतात, परंतु ते एकाच दुखण्यावरचे उपाय नाहीत. ज्याला यांपैकी एकाची निवड करायची आहे, त्याच्यासाठी हा आढावा लिहिला आहे.

आधी ही चूक नेमकी कोणती, ते पाहून घ्यावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश येत असेल तर त्या पत्त्यावर आणि पोर्टवर डेटाबेस ऐकतच नसतो. सर्व्हर बंद असतो, किंवा लिसन_अ‍ॅड्रेसेस ही सेटिंग मुळातल्या ‘लोकलहोस्ट’वरच राहिलेली असते, किंवा कंटेनरमधून ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यामुळे अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्याच कंटेनरचे दार ठोठावत असते. काहीच उत्तर न येता वेळ संपत असेल तर बहुधा फायरवॉल आडवा येतो. कोणाला आत येऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये नोंद नसल्याचा किंवा पासवर्ड चुकल्याचा संदेश असेल तर सर्व्हर चालू आहे आणि त्याने ओळख पटवण्याच्या टप्प्यावर तुम्हाला अडवले आहे. या चारही ठिकाणी पुढील तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत. ते फक्त जागा संपल्यावर कामी येतात.

जागांचा हिशेब असा आहे. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स_कनेक्शन्सचे मूळ मूल्य १०० असते आणि त्यांपैकी ३ जागा सुपरयुजरसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) राखीव असतात, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या वाट्याला प्रत्यक्षात ९७ येतात. या तीन जागा अडचणीच्या वेळी आत शिरून तपासणी करता यावी म्हणून ठेवलेल्या आहेत. अ‍ॅप्लिकेशनलाच सुपरयुजरचे खाते दिले असेल तर ते याही जागा घेऊन बसते आणि मग आतले दृश्य पाहण्याचा मार्गच उरत नाही. अशी व्यवस्था तुमच्याकडे असेल तर बाकी काही ठरवण्याआधी ती बदला, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आत शिरल्यावर पाहायचे ते पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे प्रत्येक चालू कनेक्शन कोणत्या अवस्थेत आहे ते दाखवणारे कोष्टक. निवड याच कोष्टकावर अवलंबून असते, म्हणून एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. एका प्रवेश-अर्जाच्या पोर्टलवर अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारनंतर वरील चूक येऊ लागली. मर्यादा १०० होती. ती ३०० केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला, कारण हा बदल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. त्या रीस्टार्टने चालू असलेली सर्व कनेक्शन्स तुटली आणि ज्यांचा अर्ज त्याच क्षणी जतन होत होता त्यांना तो पुन्हा पाठवावा लागला. वीस मिनिटांत ३०० जागाही भरल्या. तेव्हा कोष्टक नीट वाचले. ‘अ‍ॅक्टिव्ह’ अवस्थेतल्या ओळी दहासुद्धा नव्हत्या. बहुसंख्य ओळींपुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे लिहिलेले होते आणि प्रत्येकीची शेवटची क्वेरी एकच होती, ती म्हणजे अर्जाची स्थिती बदलणारा अपडेट. कोड उघडला तेव्हा क्रम दिसला: ट्रान्झॅक्शन सुरू, अपडेट, अर्जदाराला एसएमएस पाठवण्यासाठी बाहेरच्या सेवेला कॉल, आणि त्यानंतर कमिट, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के करून संपवणे. त्या दिवशी एसएमएसची सेवा मंदावली होती. प्रत्येक कनेक्शन काहीही काम न करता, उघडे ट्रान्झॅक्शन धरून, तिच्या उत्तराची वाट पाहत थांबले होते. एसएमएसचा कॉल कमिटच्या खाली नेला आणि वापरातली कनेक्शन्स विसाच्या आत आली.

हे इतके सांगण्याचे कारण असे की त्या दिवशी तिन्ही सल्ल्यांपैकी कोणताही लागू पडला नसता. मर्यादा वाढवून पाहिलीच होती. पूल असता तर पूल भरला असता, आणि पीजीबाउन्सर असता तर त्याच्या दारात रांग लागली असती, कारण उघडे ट्रान्झॅक्शन त्याच्याही मागचे कनेक्शन अडवूनच ठेवते. म्हणून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची संख्या मोठी असेल तर आधी कोड दुरुस्त करावा. त्याच्या जोडीला आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ही सेटिंग अ‍ॅप्लिकेशनच्या खात्यापुरती, उदाहरणार्थ एका मिनिटाची, लावून ठेवावी. ती २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, परंतु मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते.

आता पहिला उपाय. मर्यादा वाढवणे सर्वांत सोपे दिसते, कारण एकच ओळ बदलावी लागते. पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची एक स्वतंत्र प्रोसेस सुरू करते. शिवाय वर्क_मेम, म्हणजे क्वेरीच्या कामासाठी मिळणारी मेमरी, जी मुळात ४ एमबी असते, ती कनेक्शनमागे एकदाच मोजायची नसते. एका क्वेरीत जितक्या सॉर्ट किंवा हॅशच्या पायऱ्या असतील, तितक्या वेळा ती वापरली जाऊ शकते. कोणी ती ६४ एमबी करून ठेवली असेल आणि वर कनेक्शन्स ५०० केली, तर गर्दीच्या वेळी मेमरी संपून लिनक्सच एखादी प्रोसेस मारून टाकते, आणि मग पोस्टग्रेसला सर्वच कनेक्शन्स तोडून स्वतःला सावरावे लागते. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीने पुष्कळ कनेक्शन्स असताना स्नॅपशॉट (क्वेरीला त्या क्षणी कोणता डेटा दिसावा याची नोंद) घेण्याचा खर्च बराच कमी केला, त्यामुळे रिकामी कनेक्शन्स पूर्वीइतकी जड पडत नाहीत. तरीही ८ कोअरच्या मशीनवर ४०० क्वेरी एकाच वेळी सोडल्या तर त्या एकमेकींना खोळंबून ठेवणार, हे काही बदललेले नाही. माझ्या मते हा उपाय तेव्हाच निवडावा, जेव्हा तुमच्या सर्व पूलांची बेरीज मर्यादेपेक्षा थोडीच जास्त भरते, मेमरी शिल्लक आहे आणि १०० चे १५० किंवा २०० करून विषय संपणार आहे.

दुसरा उपाय अ‍ॅप्लिकेशनमधल्या पूलाचा. याचा एक फायदा मर्यादेशी संबंधित नाही, पण मोलाचा आहे: प्रत्येक विनंतीला नवे कनेक्शन उघडणे, टीएलएसची (सांकेतिक, सुरक्षित जोडणीची) बोलणी, पासवर्डची पडताळणी आणि नव्या प्रोसेसचा जन्म, हे सारे वाचते. स्प्रिंग बूट २.० पासून हिकारी हा पूल आपोआप मिळतो. त्याची मूळ मर्यादा १० कनेक्शन्सची असते आणि ३० सेकंदांत कनेक्शन मिळाले नाही तर तो चूक देतो. एसक्यूएलअल्केमीचा पूल मुळात ५ कनेक्शन्सचा असतो, त्यावर १० जादा, आणि तोही ३० सेकंदच थांबतो. नोडसाठीच्या नोड-पोस्टग्रेसचा पूल १० चा असतो, परंतु कनेक्शन मिळेपर्यंत किती थांबायचे याला मुळात मर्यादाच नसते. पूल भरला की विनंत्या निमूटपणे लटकून राहतात आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. ही वेळमर्यादा स्वतःहून लावणे अत्यावश्यक आहे.

या उपायातली खरी चूक गुणाकाराची असते. पूल प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र असतो. दोन सर्व्हर, प्रत्येकावर चार वर्कर (अ‍ॅप्लिकेशनच्या प्रोसेस) आणि प्रत्येक वर्करमध्ये १५ पर्यंत वाढणारा पूल असेल तर १२० कनेक्शन्स मागितली जाऊ शकतात, आणि आपल्याकडे आहेत ९७. नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे वर्कर काही काळ शेजारी-शेजारी चालतात, तेव्हा हा आकडा दुपटीकडे जातो. दिवसभर सुरळीत चालणारे अ‍ॅप्लिकेशन नेमके नवी आवृत्ती टाकतानाच ही चूक का देते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. जँगो वापरणाऱ्यांना पोस्टग्रेससाठीचा अंगभूत पूल २०२४ च्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी कनेक्शन विनंतीपुरते उघडायचे किंवा काही वेळ धरून ठेवायचे, एवढेच पर्याय जँगोमध्ये होते. पीएचपी-एफपीएममध्ये तर वेगवेगळ्या प्रोसेसना वाटून घेता येईल असा पूलच नसतो, त्यामुळे त्या वाचकांसाठी हा दुसरा रकाना जवळजवळ रिकामाच आहे.

तिसरा उपाय पीजीबाउन्सर. तो मुळात ६४३२ पोर्टवर ऐकतो, शेकडो क्लायंट आपल्याकडे घेतो आणि मागे पोस्टग्रेसशी मोजकीच कनेक्शन्स ठेवतो. प्रत्येक डेटाबेस आणि युजरच्या जोडीमागे ही संख्या मुळात २० असते. बसवताना दोन मूळ मूल्ये लोकांना फसवतात. त्याची स्वतःची क्लायंट-मर्यादाही १०० च असते, त्यामुळे ती न वाढवता बसवला तर जुनी चूक जाऊन तशीच नवी चूक येते. आणि त्याची मूळ पद्धत ‘सेशन’ असते, म्हणजे क्लायंट जोडलेला असेपर्यंत मागचे कनेक्शन त्याचेच राहते. कायम जोडलेल्या वर्करना या पद्धतीने काहीही लाभ होत नाही. लाभ मिळतो तो ‘ट्रान्झॅक्शन’ पद्धतीत, जिथे कमिट होताच कनेक्शन दुसऱ्याला दिले जाते.

त्या लाभाची किंमत मात्र कोडमध्ये मोजावी लागते. सेशनभर टिकावी म्हणून केलेली सेट आज्ञा, लिसनने ऐकलेल्या सूचना, सेशनच्या पातळीवरचे अ‍ॅडव्हायझरी लॉक (अ‍ॅप्लिकेशनने स्वतः मागून घेतलेले कुलूप), तात्पुरती टेबले, यांतले काहीही भरवशाचे राहत नाही, कारण पुढचे ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी, दुसऱ्या कनेक्शनवर सापडत नाही ही जुनी तक्रार २०२३ च्या १.२१ आवृत्तीने प्रोटोकॉलच्या पातळीवर सोडवली, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती नव्याने बसवू नये. रेल्सचे मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारे काम) अ‍ॅडव्हायझरी लॉक घेते, म्हणून मायग्रेशन थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर चालवावे आणि केवळ अ‍ॅप्लिकेशनची रहदारी ६४३२ वरून न्यावी. सांभाळायला आणखी एक सेवा वाढते, हेही लक्षात घ्यावे. ती पडली तर डेटाबेस ठणठणीत असूनही साइट बंद पडते.

तर मग निवड कशी करावी? एक-दोन सर्व्हरवर चालणारे जावाचे अ‍ॅप्लिकेशन असेल तर मी हिकारीचा पूल गुणाकार करून बेताचा ठेवीन आणि पीजीबाउन्सर आणणार नाही. पीएचपीसाठी पीजीबाउन्सरच घेईन, आणि तिथे विनंती संपताच कनेक्शन बंद होत असेल तर ‘सेशन’ पद्धतसुद्धा उपयोगी ठरते, हा अपवाद आवर्जून सांगण्यासारखा आहे. पायथन किंवा नोडचे कंटेनर गर्दीनुसार वाढत-घटत असतील तर गुणाकार आपल्या हाती राहत नाही. अशा वेळी प्रत्येक प्रोसेसमध्ये दोन-तीन कनेक्शन्सचा छोटा पूल आणि मध्ये ट्रान्झॅक्शन पद्धतीचा पीजीबाउन्सर, असे दोन्ही ठेवावे. विनंतीगणिक जन्मणारी सर्व्हरलेस फंक्शन्स असतील तर तिसऱ्या उपायाला पर्याय नाही.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी हा निर्णय जसाच्या तसा उचलू नये. तिथे मूळ मर्यादा १५१ असते आणि प्रत्येक कनेक्शनला प्रोसेसऐवजी थ्रेड मिळतो, त्यामुळे मर्यादा वाढवणे तुलनेने स्वस्त पडते. उलट रिकामे कनेक्शन तिथे मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, जिवंत ठेवले जाते, म्हणून आधी तो आकडा खाली आणून पाहावा.

कोणताही बदल केल्यानंतर पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीतल्या ओळी अवस्थेनुसार मोजणारी क्वेरी दर मिनिटाला चालवून तिचे आकडे साठवावेत, आणि मोजणी करणारे खाते अ‍ॅप्लिकेशनच्या खात्यापेक्षा वेगळे ठेवावे. १६ व्या आवृत्तीपासून रिझर्व्ड_कनेक्शन्स या सेटिंगने अशा खात्यासाठी सुपरयुजर न करताही एखाद-दोन जागा राखून ठेवता येतात.