गिअर लिव्हरची जाड नळी: थंड वाकवावी की तापवून?

गिअर लिव्हरसाठी २० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली, तर ती बेंडरच्या (नळी वाकवण्याच्या यंत्राच्या) डायमध्ये, म्हणजे ठरावीक गोलाईच्या साच्यात, थंड वाकवता येते किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवून. बेंडरमध्ये कोन नेमका मिळतो आणि तोच पुन्हा काढता येतो; मात्र दाब सोडताच नळी थोडी उलगडते, म्हणून काही अंश जास्त वाकवावे लागते, शिवाय वळणाची त्रिज्या डाय ठरवते.

तापवताना त्रिज्या हवी तशी ठेवण्याची मोकळीक हाती येते, पण तयारी काटेकोर हवी. नळीत बारीक वाळू ठोकून ठोकून भरावी आणि दोन्ही टोके लाकडी गुट्ट्यांनी बंद करावीत. वाळूत ओल राहिली तर वाफेच्या दाबाने गुट्टी गोळीसारखी उडू शकते, म्हणून वाळू आधी कढईत भाजून पूर्ण कोरडी करणे अनिवार्य आहे. जस्ताचा मुलामा असलेली नळी मुळीच तापवू नये, कारण तिचा धूर घातक असतो. वाकवल्यावर पाणी न ओतता ती हवेतच निवू द्यावी.

आसनाजवळ अचूक बसणारा एकच लिव्हर घडवायचा असेल, तर मी तापवण्याचीच पद्धत निवडेन. एकसारखे अनेक हवे असतील, तर बेंडर.