कॉलेजला महिन्याला २०० रुपये: ग्रुपवर वर्गणी काढायची की संघात ऑटोपे लावायचा?

परवा एका ज्युनिअरचा फोन आला, २०२४ ची बॅच, हिंजवडीत जॉबला लागलाय, आणि पोराने मनावर घेतलंय की आपल्या बॅचने कॉलेजातल्या पोरांसाठी दर महिन्याला थोडं थोडं काढायचं. प्रश्न एवढाच की "दादा, ग्रुपवर वर्गणी काढू का सरळ माजी विद्यार्थी संघाची लिंक टाकू?" पाऊण तास बोललो तरी अर्धं सांगायचं राहिलंच, म्हणून आता नीट लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय, पहिली दीड वर्षं ग्रुपवरची वर्गणी आणि त्यानंतर संघ, त्यामुळे निदान ठेच कुठे लागते ते तरी माहितीये.

कॉलेजचं नाव घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं इंजिनिअरिंग कॉलेज, आमची २०१९ ची मेकॅनिकलची बॅच, एवढ्यावर भागवा.

आधी ग्रुपवाला रस्ता, कारण सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तो फार भारी वाटतो. २०२१ ची दिवाळी, कॉलेज दीड वर्षाने ऑफलाइन सुरू होत होतं, आणि हॉस्टेलच्या एका थर्ड इयरच्या पोराकडे मेसच्या डिपॉझिटला पैसे नव्हते, शिष्यवृत्ती मंजूर होती पण ती येणार तिच्या सवडीने आणि मेसवाला काय तेवढं थांबतो का. मी संध्याकाळी सातला ग्रुपवर चार ओळी टाकल्या, खाली माझा नंबर दिला, साडेदहाला १४,००० जमले होते. एकाने पाचशे टाकून लिहिलं, "आपल्या वेळी मेसचे मामा उधार ठेवायचे रे." फॉर्म नाही, मीटिंग नाही, ठराव नाही, दुसऱ्या दिवशी पोराचं डिपॉझिट भरलेलं. हा वेग संघाला सात जन्मात जमणार नाही आणि अशी एकदम अडचण आली तर आजही मी ग्रुपवरच जाईन.

गडबड पुढे झाली. त्या जोशात ठरलं की हे दर महिन्याला करायचं, माणशी २००, आणि २६ जणांनी लगेच अंगठा दाखवला. म्हणजे तेव्हा व्हॉट्सॲपवाला, पुढे आपला नेहमीचा.

१ तारखेला मी मेसेज टाकायचो, ५ पर्यंत नऊ-दहा जणांचे पैसे यायचे आणि बाकीच्यांचे "करतो रे" यायचे. मग स्क्रीनशॉट सुरू. बँकेच्या मेसेजात नाव भलतंच, कारण कुणी वडिलांच्या खात्यावरून टाकणार, कुणी बहिणीच्या, एकाचे तर कायम त्याच्या रूममेटच्या नंबरवरून यायचे, ते सगळं जुळवायला मी एक्सेल केली, आणि एक्सेल ग्रुपवर टाकली की ज्यांचे राहिलेत ते गप्प आणि ज्याने दिलेत तो विचारणार, "माझा मार्चचा दिसत नाहीये, बघ जरा." रविवारची सकाळ यातच जायची. बरं, कमी पडले की वरचे मी घालायचो आणि घरी सांगायचो नाही. एकाने माझा नंबर "वसुली" नावाने सेव्ह केला होता, गंमत म्हणून, आणि मलाही तेव्हा गंमतच वाटली होती.

ज्याने माझा निर्णय झाला ते सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्यातल्या एकाचं लग्न होतं, इचलकरंजीला. त्याला इथे नवरदेवच म्हणू. हा माझा चार वर्षांचा रूम पार्टनर, सबमिशनच्या रात्री माझ्या शीट याने काढल्यात आणि याच्या मी. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, आम्ही पाच-सहा जण आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढलो. मुंडावळ्या बांधलेल्या, शेरवानीत घामाघूम झालेला, आणि मला बघितल्या बघितल्या मिठी नाही, शिवी नाही, हा माणूस म्हणतो, "अरे तुझे चारशे राहिलेत ना, डिसेंबर-जानेवारीचे, करतो सोमवारी." फोटोग्राफर ओरडतोय इकडे बघा, आणि शेजारी नवीकोरी वहिनी विचारतेय कसले चारशे. तर हा तिला म्हणाला, "ह्याचे द्यायचेत."

ह्याचे, म्हणजे माझे. मी बुंदी खाताना तेच डोक्यात घोळवत बसलो. दीड वर्ष मी समजत होतो की मी कॉलेजसाठी पैसे गोळा करतोय, आणि तिकडे पंधरा-सोळा जणांच्या डोक्यात मी त्यांना उधार दिल्यासारखं झालं होतं. देणगी राहिलीच नव्हती ती, देणं झालं होतं, ते पण माझं. मग लक्षात आलं की दोघा-तिघांचे फोन येणंच बंद झालंय, आणि ते का तेही कळलं.

बाकीची कारणं खरं तर याच्यापुढे किरकोळ आहेत, पण सांगून ठेवतो. पैसे माझ्या सेव्हिंग खात्यात येत होते. २६ जण, २०० रुपये, १२ महिने, म्हणजे वर्षाचे ६२,४००. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर नुसतेच पैसे आले तर ते सगळे तुमचं उत्पन्न धरता येतात, हे मला ओळखीच्या सीएने चहा पिता पिता सांगितलं आणि माझा चहा तिथेच गार झाला. हे पैसे माझे नाहीत, मी फक्त पुढे पोचवतो, असा वाद घालता येतो म्हणे, पण २०० रुपयांच्या वर्गणीसाठी तो वाद घालायला कोण बसणार. आम्ही वाचलो ते मित्रांच्या आळसामुळे, सगळ्यांनी नियमित दिले असते तर आकडा वर गेला असता.

आणि एक जरा अवघड गोष्ट. एकदा कुणीतरी ग्रुपवर म्हणालं की ज्याला मदत केली त्याचा एक व्हिडिओ मागव, म्हणजे लोकांना उत्साह येईल. मी मागवला. त्या पोराने हॉस्टेलच्या भिंतीला टेकून, हात जोडून, "सर्व दादांचे आभार" असं पाठ केल्यासारखं म्हटलं आणि ग्रुपवर पन्नासेक हार्ट आले. ते पोर माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, उद्या माझ्याच कंपनीत येईल. तो व्हिडिओ मी परत कधी बघितला नाही. पैसे कुठे जातात ते दिसणं हा ग्रुपचा मोठा प्लस पॉइंट धरतात, पण ते दिसण्याची किंमत कोण मोजतं हेही बघायला हवं.

आता संघ. मी याची जाहिरात करणार नाही, कारण याचेही ताप आहेत. २०२३ मध्ये मी त्यांचा ऑनलाइन फॉर्म उघडला तेव्हा पहिल्यांदा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी नंबर मागितला, तो शोधायला आईला गावाकडच्या कपाटातून मार्कशीट काढायला लावली, आणि त्यानंतर रकमेचे चौकोन: ५,०००, ११,०००, २५,०००, आणि इतर, पण इतरमध्ये किमान १,०००. हातात २८,००० पगार येणारा पोरगा, रूमचं भाडं, गाडीचा हप्ता, घरी पाठवायचे, तो हे चौकोन बघून काय करणार, टॅब बंद करणार. नवीन पासआउट पैसे देत नाहीत म्हणून आपण नावं ठेवतो, पण त्यांना परवडेल असं मागितलंय कुणी?

मी संघाच्या खजिनदारांना फोन लावला. रिटायर्ड सर, आम्हाला थर्मो शिकवायचे.

"सर, महिन्याला २०० चालतील का?"

"अरे, दोनशेची पावती फाडायला मला एक माणूस बसवावा लागतो."

"पावती वर्षाला एकच द्या सर. पैसे यूपीआयने आपोआप कापले जातील, कुणी बसायला नको."

सर जरा वेळ गप्प. मग, "किती जण आहात?"

मी छातीठोकपणे २० सांगितले, प्रत्यक्षात तेव्हा तिघे तयार होते.

कार्यकारिणी, ठराव, बँकेची कागदं, यात चार महिने गेले. पण झालं. १७ जणांनी ऑटोपे लावला, दर महिन्याच्या ५ तारखेला, म्हणजे पगार झालेला असतो आणि अजून संपलेला नसतो. आदल्या दिवशी फोनवर सूचना येते, १५,००० पर्यंत दर वेळी पिन टाकावा लागत नाही, आणि नको असेल तेव्हा ॲपमधून स्वतःच बंद करता येतो, कुणाला कारण सांगायचं नाही. १७ गुणिले २०० म्हणजे ३,४००, ग्रुपवर ठरलेल्या ५,२०० पेक्षा कमी, पण ग्रुपवरचे ५,२०० कधी एका महिन्यात आलेलेच नव्हते आणि हे ३,४०० येतात.

फॉर्म भरताना एकच सांभाळा. देणगी कशासाठी या रकान्यात "कॉर्पस" असा पर्याय असतो आणि तो वजनदार वाटतो म्हणून पोरं त्यावर टिक करतात. कॉर्पस म्हणजे मुद्दल राखून ठेवायचं आणि फक्त व्याज वापरायचं. ज्याचे कोटी आहेत त्याला ते शोभतं, तुमच्या २०० चं वर्षाचं व्याज बारा-चौदा रुपये, त्यात मेसची एक पोळीभाजी पण येत नाही. आम्ही सरांच्या मागे लागून वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांच्या मदतीचं वेगळं खातं धरायला लावलं आणि पावतीवर तसं लिहून घेतो. पोरांची निवड हॉस्टेलचे रेक्टर करतात, नावं आम्हाला कळत नाहीत, आणि त्या व्हिडिओनंतर मला ते बरंच वाटतं.

पावतीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी माझं आडनाव चुकलं होतं, दुसऱ्या वर्षी आडनाव बरोबर आणि पॅन चुकलेला. आणि खर्चाचा हिशोब वर्षातून एकदा, सहा ओळींचा, ज्या अंकात येतो त्यात बाकी सगळे शाल-श्रीफळाचे फोटो. ज्याला आपला पैसा कुणाच्या हातात पडला ते बघायची सवय आहे त्याला हे कोरडं वाटेल, मलाही अधूनमधून वाटतं.

८०जी ची सवलत, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सूट, हे संघवाले मोठं आमिष म्हणून सांगतात, ज्युनिअरने पण तेच विचारलं. माझ्या मते नवीन पोरांना ते सांगूच नका. नवीन कर प्रणालीत ८०जी ची वजावट नाही, २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते, आणि २०२५-२६ पासून तर १२ लाखांपर्यंत तसाही कर पडत नाही. फ्रेशरला वाचवायला टॅक्सच नाही तर सवलत कसली देताय, उलट त्याला वाटतं हे आपल्यासाठी नाही, साहेबलोकांसाठी आहे. जुन्या प्रणालीत राहिलेला एखादा सीनिअर असेल तर त्याला जरूर सांगा, आणि हेही की २,००० च्या वर रोख दिली तर ती धरत नाहीत.

एमएसला गेलेल्यांचं नेहमी विचारतात, परदेशातून चालतं का. पासपोर्ट भारताचा असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललेलं असेल तर मात्र संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती आमच्या संघाकडे नाही. आमचा जर्मनीतला एक जण ग्रुपच्या काळात वडिलांना सांगायचा आणि काका मला गुगल पे करून वर फोन करायचे, "पोचले का?" ते मात्र मी मिस करतो.

राहता राहिला तिसरा विचार, जो निम्म्या बॅचच्या मनात असतो, की आत्ता चिल्लर कशाला, नंतर मोठं काहीतरी देऊ. आयआयटी मुंबईच्या बातम्या वाचून हे होतं. नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले, पण ते १९७३ ला तिथे शिकायला गेले त्याला ५० वर्षं झाल्यावर, आणि त्याआधी ८५ कोटी दिले होतेच. आयआयटी मुंबईच्याच १९९८ च्या बॅचने ५७ कोटींचा शब्द दिला तो पंचवीस वर्षांनी. मोठ्यांचं मोठं असू दे, पण आपल्याकडे पैसा फंड पण होऊन गेलाय ना, अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत फिरून तळेगावला काचेचा कारखाना काढला, १९०८ ला. ऑटोपे म्हणजे तोच पैसा फंड, फक्त दारात कुणी येत नाही.

अर्थात दारात कुणी न येणं हाच संघाचा तोटा पण आहे. नुसती लिंक ग्रुपवर टाकली तर आमच्याकडे एकानेही भरली नव्हती. म्हणून पहिल्यांदा विचारायचं ते मित्रानेच, एकेकाला फोन करून, जॉइनिंगनंतर लगेच नाही तर पहिलं इन्क्रीमेंट हातात पडल्यावर, आणि रक्कम १०० सांगितली तरी चालेल. तो फोनवर असतानाच ऑटोपे लावून घ्यायचा, "संध्याकाळी करतो" वर सोडायचं नाही. आणि त्यानंतर त्याला त्याबद्दल परत कधी विचारायचं नाही. तुमची बॅच दहा-बारा जणांची आणि सगळे एका शहरात असतील तर ग्रुप पण चालून जाईल, माझं काही हट्टाने म्हणणं नाही, फक्त नंबर कुणाचा द्यायचा ते दोनदा विचार करून ठरवा.

नवरदेवाचं राहिलं. त्याने ऑटोपे लावला होता, मागच्या वर्षी कंपनी बदलली तसं सॅलरी अकाउंट बदललं, जुन्यात शिल्लक नाही, हप्ता फेल. संघाकडून ईमेल गेली होती, ती त्याने दोन महिन्यांनी बघितली, हे मला वहिनीने सांगितलं. मधल्या काळात आम्ही दोनदा भेटलो, एकदा कोल्हापुरात मिसळ खायला, पोरीला कडेवर घेऊन आला होता, तीन तास बसलो आणि पैशाचा विषयच निघाला नाही. नवीन खात्यावर त्याने परत लावलाय की नाही, मी विचारलेलं नाही.