घरातले दोन कॉम्प्युटर जोडायचे: थेट केबल, राउटर की वाय-फाय?

जुन्या डेस्कटॉपवर घरातले सगळे फोटो, नव्या लॅपटॉपवर रोजचं काम, आणि दोघांमध्ये पेनड्राइव्हच्या खेपा. या खेपा थांबवायच्या तर तीन वाटा आहेत. दोन्ही मशीन एका लॅन केबलने थेट जोडायची, दोन्ही केबलने राउटरला जोडायची, किंवा सगळं वाय-फायवर सोडायचं. तिन्ही चालतात. पण राउटरच्या खोक्यावरचा आकडा बघून निवड करू नका. घराच्या भिंती कशाच्या आहेत आणि दोन मशीनमध्ये नेमकं काय ये-जा करणार आहे, यावर ती ठरते. माझं मत आधीच सांगतो: जे मशीन जागचं हलत नाही, त्याला वायर द्या. दुसऱ्याचं मग निवांत ठरवा.

वेगाचं गणित

गिगाबिट पोर्ट, म्हणजे केबल लावायची १००० एमबीपीएसची जागा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट), आणि धड केबल असेल तर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट मिळतात. १०० जीबी फोटो पंधरा मिनिटांत पलीकडे. पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर वेग ११ मेगाबाइटवर येतो आणि त्याच कामाला अडीच तास लागतात. गर्दीच्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर सेकंदाला पाच मेगाबाइट मिळाले, तर साडेपाच तास धरा. डिस्क जुनी असेल किंवा हजारो बारक्या फाइल असतील तर केबलवरही वेग याहून कमीच पडतो.

वाय-फायची एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरच्या एकाच बँडवर, म्हणजे दोन्ही २.४ किंवा दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर, असले की फाइल थेट याच्याकडून त्याच्याकडे जात नाही. आधी हवेतून राउटरकडे, मग पुन्हा हवेतून दुसऱ्याकडे. दोन्ही फेऱ्या एकाच चॅनेलवर, त्यामुळे वेग निम्मा होतो. दोनपैकी एक जरी केबलवर आणला तरी एक फेरी वाचते आणि वेग जवळजवळ दुप्पट होतो. नवा महागडा राउटर घेण्याआधी हे करून बघाच.

पुण्यातल्या भिंती

पेठेतल्या जुन्या वाड्यात जाडजूड दगड-विटांच्या भिंती असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे दुसऱ्या भिंतीपलीकडे तग धरत नाही. कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती विटांच्या, त्यामुळे एक-दोन खोल्यांपुरतं बरं चालतं. खरी फसगत होते ती वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या नव्या टॉवरमध्ये. घर आटोपशीर दिसतं, म्हणून वाटतं एका राउटरमध्ये भागेल. पण तिथे बऱ्याच इमारती मायवान पद्धतीच्या असतात. म्हणजे आतली भिंतसुद्धा काँक्रीटची आणि त्यात सळयांची जाळी. हॉलमध्ये फुल सिग्नल आणि बेडरूमचं दार लावलं की एकच दांडी. २.४ गिगाहर्ट्झ भिंती बरा ओलांडतो, पण वरचे, खालचे, समोरचे सगळेच त्यावर असतात, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

अशा घरात वायरला पर्याय नाही. मात्र काँक्रीटला भोक पाडायला जाण्याआधी टीव्हीच्या मागे किंवा टेलिफोनच्या पॉइंटपाशी बिल्डरने ठेवलेला रिकामा पाइप आहे का ते बघा. भाड्याचं घर असेल तर दाराच्या चौकटीला धरून केसिंग-पट्टीतून केबल न्या, म्हणजे मालकांशी वाद होत नाही.

थेट केबल

एकदाच मोठा डेटा हलवायचा असेल तर याच्याइतकी चांगली वाट नाही. पूर्वी यासाठी क्रॉस केबल, म्हणजे दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली केबल, लागायची. आता गिगाबिट पोर्ट स्वतःच जुळवून घेतात, त्यामुळे साधी केबल चालते. राउटर नसल्याने आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचे आकडे, वाटणारं कोणी नसतं, म्हणून ते हाताने द्यायचे: एका मशीनला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची, म्हणजे एरवी राउटरच्या पत्त्याची, जागा रिकामी ठेवा. ती भरली तर इंटरनेटही याच केबलवरून शोधलं जाण्याची शक्यता असते. ५० घेण्याचं कारण एवढंच की घरचे राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात, त्यांच्याशी गोंधळ नको.

तरीही दुसरं मशीन दिसलं नाही, तर विंडोज या जोडणीला अनोळखी समजून पब्लिक नेटवर्कचे कडक नियम लावत असणार. तेवढ्या कामापुरतं पब्लिक प्रोफाइलमध्ये फाइल शेअरिंग सुरू करा आणि काम झालं की न विसरता बंद करा. थेट केबलचा एक फायदा पुण्यात उपयोगी पडतो: गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, राउटर बंद पडला, तरी दोन लॅपटॉपमधली केबल चालूच राहते. एक इशारा: दोन्ही टोकांना सारखीच चपटी यूएसबी पिन असलेली साधी वायर दोन कॉम्प्युटरमध्ये लावू नका. पोर्ट जळू शकतो.

रोजच्या वापराला मात्र ही जोडणी अडचणीची. प्रिंटर, फोन, टीव्ही कोणीच त्यात येत नाही.

राउटरला दोन केबल

रोज ये-जा असेल तर मी हीच निवडेन. पत्ते आपोआप मिळतात आणि नंतर तिसरं मशीन आलं तरी काही बदलावं लागत नाही. फक्त पोर्ट तपासा. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्याला चार पोर्ट असले तरी बऱ्याच डब्यांत गिगाबिटचा एकच असतो, बाकीचे १००चे. तसं असेल तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे अनेक मशीन केबलने एकत्र जोडणारा छोटा डबा, घ्या, हजार रुपयांच्या आसपास मिळतो. डब्याच्या गिगाबिट पोर्टमधून स्विचला केबल आणि स्विचला दोन्ही मशीन. त्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल तर दोन्ही कॉम्प्युटर एकाच डब्यावर असू द्या, नाहीतर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळे पत्ते न वाटता पहिल्याच नेटवर्कचा भाग होतो. एक इकडे आणि एक तिकडे असला की ते एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट वाय-फायवरही बहुधा तसंच होतं.

केबल तपकीर गल्लीतून घ्या की कोपऱ्यावरच्या दुकानातून, दोन गोष्टी सोडू नका. कॅट-६ प्रतीची केबल घ्या, पण कॅट-५ई मिळाली तरी बिघडत नाही, तीही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. तार मात्र अस्सल तांब्याची हवी. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर. एक तार ब्लेडने खरवडून बघा, पांढरट निघाली तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट, क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवण्याचं काम, होताना शेजारी उभे राहा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, हा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, उघड्या तारा बाहेर दिसल्या तर टोक कापून परत करायला सांगा. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून एखादी तार नीट बसली नाही तरी दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कोणाला शंका येत नाही, आणि वेग मात्र एक दशांश. घरी आल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो ना, तेवढं बघा.

शेअरिंग

जोडणी कुठलीही असो, इथे सगळेच अडतात. घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची होमग्रुपची सोय विंडोज १० मधून २०१८ मध्येच गेली, त्यामुळे जुन्या सूचना शोधत बसू नका. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल शेअरिंग सुरू करा, हवं ते एकच फोल्डर शेअर करा. पासवर्ड विचारला की विंडोज उघडायचा पिन टाकू नका, पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो नसेल तर एक वेगळं स्थानिक खातं पासवर्डसह तयार करा. सगळ्यांना पासवर्डशिवाय उघडं ठेवणं टाळा.

मग तुमच्यासाठी काय?

फोटो एकदाच हलवायचे असतील तर थेट केबल. कधीमधी एखादी पीडीएफ किंवा प्रिंट असेल, तर वाय-फाय पुरेसं आहे, वायरच्या मागे लागू नका. व्हिडिओ एडिटिंग, मोठी ड्रॉइंग, रोजचा बॅकअप असेल तर दोन्ही मशीनना वायर. घरून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम चालत असेल आणि डेटा एका मशीनवर, एंट्री दुसऱ्यावर असेल, तर वाय-फाय नकोच. मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका आहे. शिवाय दोघांनी एकाच वेळी काम करायचं तर सिल्व्हर परवाना पुरत नाही, गोल्ड लागतो. आणि दोनपैकी एक लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर काहीही विकत घेण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा, कारण बऱ्याच कंपन्या शेअरिंग मुळातच बंद करून ठेवतात.