गोचीड काढायचं कार्ड: काम चोख, पण लसीची जागा घेत नाही

लेक लिंझला असते. त्यांच्याकडे डोंगरात निघताना पाण्याच्या बाटलीआधी हे कार्ड पिशवीत जातं. ऑस्ट्रियात लाल ‘ए’ची पाटी असलेल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतं, एटीएम कार्डाएवढं, प्लॅस्टिकचं. एका कोपऱ्यात मोठी खाच, दुसऱ्यात बारीक, मध्ये भिंग. ते भिंग मला शोभेचं वाटलं होतं, पण गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चष्म्यातूनही अंगावरचा तीळच वाटतो.

वोल्फगांगझे तलावाच्या काठी गवतातून चालून आल्यावर माझ्या पोटरीवर एक सापडली. खाच कातडीला टेकवून पुढे सरकवली, अख्खी निघाली. सपाट जागी उत्तम. काखेत, कानामागे, पायाच्या बोटांच्या बेचकीत मात्र कार्ड शिरतच नाही, तिथे बारीक टोकाचा चिमटाच हवा. तेल, तूप, काडीचा चटका असले उपाय करू नका. डिवचलेली गोचीड उलट जास्त लाळ आत सोडू शकते.

आता मुख्य मुद्दा. पाकिटावर हसरं कुटुंब छापलंय, त्यावरून वाटतं की कार्ड घेतलं, सुटलो. तसं नाही. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराचा (तिथे सगळे ‘एफएसएमई’च म्हणतात) विषाणू लाळेतच असतो, चावल्यावर काही मिनिटांत अंगात जातो. त्यावर नेमकं औषध नाही, लस आहे. ऑस्ट्रियाने १९८१ पासून लसीकरणाची मोहीम चालवली, त्याआधी वर्षाला शेकडो रुग्ण सापडत. पूर्ण कोर्स तीन डोसांचा, तिसरा काही महिन्यांनी. घाई असेल तर पहिले दोन चौदा दिवसांच्या अंतराने देतात. विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. माझा मुक्काम लांबचा, म्हणून जावयांनी आल्याआल्या त्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दंड दोन दिवस दुखला, बस. नुसतं व्हिएन्नात राजवाडे बघणार असाल तर एवढा खटाटोप नको. लस सक्तीची नाहीच.

कार्डाचा खरा फायदा गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम आजारासाठी. त्याचे जिवाणू अंगात उतरायला बहुधा बरेच तास लागतात, म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासून लगेच काढली तर धोका बराच कमी होतो. नंतर महिनाभर त्या जागेवर नजर ठेवा. लाल चकंदळ पसरायला लागलं तर डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिकने बरं होतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या पाकिटावरच्या हसऱ्या कुटुंबासाठी.