टोचनचा पट्टा आणि कायनेटिक दोर: आठ महिन्यांनंतर

आधी गाडी ओढायचा हा संच का घेतला ते सांगतो. घेण्याच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही एक बंद पडलेली जीप स्टीलच्या तारेने टोचन करून आणत होतो. चढावर हिसका बसला, तारेचा हुक निसटला आणि मागच्या गाडीच्या बोनेटवर येऊन आदळला. हातभर वर लागला असता तर काचेतून आत गेला असता, आणि स्टिअरिंगवर माझा पुतण्या बसलेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तार भंगारात घातली आणि मे महिन्यात नीट चौकशी करून संच घेतला: पाच मीटरचा पॉलिएस्टरचा चपटा पट्टा, नऊ मीटरचा नायलॉनचा कायनेटिक दोर, पाऊण इंची 4.75 टनांचे दोन लोखंडी शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या यू आकाराच्या कड्या), दोन सॉफ्ट शॅकल (तेच काम करणारे दोराचे फास) आणि दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर टाकायची जड चादर.

माझी गाडी थार, डिझेल, मॅन्युअल. राहायला अकोले तालुक्यातलं राजूर, आणि कामानिमित्त शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी या भागात सतत फिरणं. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आठ महिन्यांत संच सात वेळा बाहेर निघाला. पाच वेळा दुसऱ्यांसाठी, दोनदा माझ्याच गाडीसाठी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा आणि दोर ही दोन वेगळी हत्यारं आहेत. कायनेटिक दोर ताणतो, चांगला दोर आपल्या लांबीच्या तीसेक टक्क्यांपर्यंत. चिखलात रुतलेली गाडी काढताना हेच हवं असतं, कारण ओढणाऱ्या गाडीची ताकद हिसक्याने न जाता हळूहळू पोचते. रतनवाडीच्या वाटेवर भाताच्या खाचरात उतरलेली बोलेरो याने दुसऱ्या ओढीत वर आली. पण हाच दोर लावून बंद गाडी रस्त्याने न्यायला गेलात तर मागची गाडी झोके खात येते, कधी दोर सैल, कधी एकदम ताठ. रस्त्यासाठी पॉलिएस्टरचा पट्टाच हवा, तो फारसा ताणत नाही. शिवाय नायलॉन भिजला की त्याची थोडी ताकद कमी होते, पॉलिएस्टरला पाण्याचं तेवढं वावडं नाही. पाच मीटर लांबीही मुद्दाम घेतली; दोन गाड्यांमधलं अंतर त्याहून जास्त नको, असं वाहतुकीचा नियमही सांगतो. मागच्या गाडीला ‘ऑन टो’ अशी पाटी लागते, ती मी पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगाने रंगवून घेतली. पट्ट्याच्या मधोमध लाल फडकं बांधतो, म्हणजे दोन गाड्यांच्या मधून कोणी मोटरसायकल घालत नाही.

खरी परीक्षा जुलैत झाली. घाटघरला माझाच क्लच गेला. चुलतभाऊ त्याची फोर बाय फोर कॅम्पर पिकअप घेऊन आला. वजनाला माझ्या गाडीइतकी तरी गाडी पुढे हवी, ती होती. मी पट्टा लावला, तो चासीच्या टो-हुकालाच. बंपरखाली गाडी ट्रकवर बांधून ठेवायच्या ज्या कड्या असतात त्या ओढायच्या नव्हेत, आणि ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला तर कधीच काही अडकवू नये. तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मग हँडब्रेक घट्ट ओढला आणि नंतरच ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, दांडा न्यूट्रलला टाकला. हा क्रम चुकवू नका. ट्रान्सफर न्यूट्रलला गेला की गिअर टाकलेला असला तरी चाकं मोकळी असतात, उतारावर गाडी सरळ निघून जाते. चावी चालू ठेवली, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

निघण्याआधी भाऊ खिडकीशी आला आणि म्हणाला, “हे बघ, आता ब्रेक तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी फक्त ओढणार.”

“आणि उतारावर, दादा?”

“उतारावर मी दुसऱ्या गिअरला. तू पायाने पट्टा ताठ ठेवायचा. ढिला पडला की तू माझ्या अंगावर.”

इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारी मदत, दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड. पहिल्या वळणावर मी दोन्ही हातांनी चाक ओढलं तेव्हा कुठे गाडी वळली. आम्ही वीसच्या वर वेग नेला नाही, धुक्यात त्याहून कमी. शेंडीला पोचेपर्यंत माझी पोटरी भरून आली होती, पण पट्ट्याला एकही हिसका बसला नाही. म्हणून मी आता मागच्या गाडीत नवशिक्याला बसवतच नाही, मालक कितीही घाईत असू दे.

ऑगस्टमध्ये साम्रदजवळ पाहुण्यांची एक ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही अडकली, गिअरबॉक्सचा दिवा लागलेला. चिखलातून बाहेर काढली, पण रस्त्याने ओढायला मी नाही म्हटलं. त्या गाडीला ट्रान्सफरचा न्यूट्रलच नव्हता. पुढची चाकं उचलून नेणारा टोचनवाला आला, त्यालाही परत पाठवायला लावलं. दोन चाकं हवेत आणि दोन रस्त्यावर फिरत राहिली तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग तापून जातं. मालक चिडले, रात्र तिथेच काढावी लागली, सकाळी अख्खी गाडी वर घेणारा सपाट फळीचा ट्रक आला. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत टोचनचं पान असतं, ते घरी बसून वाचा.

आता वस्तूंबद्दल. लोखंडी शॅकल उत्तम. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे ताण बसल्यावर ती अडकत नाही. सॉफ्ट शॅकल मला त्याहून आवडले, हलके आहेत आणि काही तुटलंच तर लोखंड उडणार नाही. फक्त धारदार कडेला ते लावू नका. चादर प्रत्येक वेळी वापरली. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करतो आणि त्यावर वाद घालत नाही. पट्ट्यासोबत आलेले हुक मात्र निकृष्ट होते, त्यांवर वजनाचा आकडाच कोरलेला नव्हता. विक्रेत्याला विचारलं तर “साहेब, सगळे हेच वापरतात” एवढंच उत्तर. पहिल्याच दिवशी काढून टाकले. अशी वस्तू जीवाच्या कामाला विकतात याचा राग येतो.

देखभाल सोपी पण टाळता येत नाही. चिखलाची बारीक वाळू धाग्यांत शिरून आतून कापते, म्हणून साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचं. गाठ कधीच मारायची नाही, तिथे ताकद जवळपास निम्म्यावर येते.

डिसेंबरात पट्ट्याच्या फासाशी बोटभर चीर दिसली, बंपरच्या कडेला घासून पडलेली. वरवर पाहता अजून वर्षभर चालला असता. नवा मागवला, या वेळी फासाला जाड कातडी बाही असलेला, आणि जुन्याचे कोयत्याने चार तुकडे केले. अख्खा ठेवला असता तर कोणीतरी मागून नेला असता आणि त्याने गाडी ओढली असती.